आईला घेऊन गुप्त दालनात

लांब वीकेंड आला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. नवऱ्याला त्यात तीन गावं, एक बेट आणि जमला तर एक ज्वालामुखी बसवायचा असतो. मला एकच शहर पुरतं, आणि दुपारची झोपही हवी असते. या वेळी श्टुटगार्टहून नेपल्सची तिकिटं त्यातल्या त्यात परवडणारी दिसली आणि नवऱ्याने एक्सेल शीट उघडली. शनिवारी काप्री, रविवारी अमाल्फीचा किनारा, सोमवारी पॉम्पेई, आणि उरलेल्या वेळात नेपल्स. ग्रीकांनी वसवलेलं, अडीच हजार वर्षांचं शहर उरलेल्या वेळात! पाहुण्यांना शिळी पोळी वाढावी तसं.

पण या खेपेला माझी बाजू भक्कम होती, कारण आई लातूरहून आलेली होती. आईचे गुडघे, आईचं माळकरी जेवण, आईला बोटीत मळमळतं, हे सगळं मी वकिलासारखं एकेक करून टेबलावर ठेवलं. आई पलीकडे बसून लसूण सोलत होती आणि "मला काही होत नाही गं" असं मधूनमधून म्हणत होती. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

खरं कारण वेगळंच होतं. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक बाई आहे, ती मला आईला दाखवायची होती. आणि हे संग्रहालय मंगळवारी बंद असतं. नवऱ्याच्या शीटमध्ये ते नेमकं मंगळवारी, परतीच्या विमानाआधीच्या तीन तासांत कोंबलेलं होतं. ती एक ओळ दाखवून मी अख्खी शीट पाडली. शनिवार संग्रहालयाचा ठरला. रविवारी ज्याला अमाल्फीला जायचं असेल त्याने एकट्याने खुशाल जावं, असाही ठराव झाला.

विमानाबद्दल एवढंच सांगते, की आईची पिशवी त्यांच्या लोखंडी चौकटीत दोन बोटं जास्त भरली आणि त्याचे जे पैसे घेतले त्यात आईचं तिकीट पुन्हा आलं असतं. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि एक शाल होती. स्वस्त विमान नावाची गोष्ट आम्हा सामानवाल्यांसाठी नाहीच.

नेपल्सने मात्र पहिल्याच संध्याकाळी आईला आपलंसं केलं. जुन्या शहरात आमची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्टला नाणं टाकावं लागायचं. दहा सेंट टाकले की ती कुरकुरत वर जाणार. घरमालकीणबाईंनी दाराशी बशीत सुट्टी नाणी ठेवली होती. आईला ही व्यवस्था इतकी आवडली की खाली जायचं काही कारण नसतानाही ती दोनदा जाऊन आली. रस्ता ओलांडण्याचं तर विचारूच नका. झेब्रा क्रॉसिंग असतं, पण स्कूटरवाले ते रांगोळी समजतात. माझा नवरा इतकी वर्षं जर्मनीत राहून हिरव्या माणसाची वाट बघायला शिकलेला, तो काठावरच उभा. आईने एक हात आडवा केला, लातूरच्या गंजगोलाई बाजारात करते तसा, आणि स्कूटरवाल्यांकडे न बघता पलीकडे गेली. पलीकडून हाक मारली, "या की हो जावईबापू, कामून थांबला?"

जेवणाची मला जी धास्ती होती तीही फुकट गेली. मरिनारा नावाचा पिझ्झा असतो, त्यात चीजसुद्धा नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस. ज्या दुकानाबाहेर फोटोवाल्यांची रांग असते तिथे आम्ही गेलोच नाही. रांगेत उभं राहून भूक मारण्यात काय सुख आहे हे मला कधीच कळलेलं नाही. गल्लीतल्या एका साध्या ठिकाणी बसलो. तिथल्या काकूंनी आईची माळ बघितली, स्वतःच्या गळ्यातला क्रूस दाखवला, आणि न मागता बटाटे घालून शिजवलेल्या पास्त्याची बशी आणून ठेवली. बिलात ती लावली नव्हती. आई म्हणाली, "हिला हळद दिली असती तर बरं झालं असतं."

आता शनिवार.

ती बाई ज्या दालनात आहे त्याला 'गुप्त दालन' म्हणतात. ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या शहरांत सापडलेल्या शृंगारिक वस्तू तिथे ठेवलेल्या आहेत. 1819 मध्ये नेपल्सचा युवराज फ्रान्सिस आपल्या बायको-मुलीला घेऊन हे सगळं बघायला आला, आणि त्याला इतका संकोच वाटला की त्याने या वस्तू कुलपात टाकायला लावल्या. पुढे केवळ प्रौढ आणि सभ्य वर्तनाच्या माणसांनाच प्रवेश. मध्यंतरी दाराला विटासुद्धा चिणल्या होत्या. सगळ्यांसाठी दालन रीतसर उघडलं ते 2000 साली. हे सगळं मला पाठ होतं, पण आईला तिथे न्यायचं म्हणजे नेमकं काय, याचा अंदाज जिना चढताना यायला लागला. युवराजाबद्दल मला एकदम सहानुभूती वाटू लागली. नवरा "मी खालचे पुतळे बघतो" म्हणत सटकला.

दारातच पंख फुटलेली, खाली घंटा लोंबणारी काशाची लिंगं टांगलेली. मी आईचा दंड धरून सरळ पुढे चालायला लागले. ती थांबली.

"हे काय गं?"

मी घसा साफ करून सांगितलं, की हे लोक दाराशी टांगायचे, घराला दृष्ट लागू नये म्हणून. 

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. "आपण लिंबू-मिरची लावतो." आणि चष्मा वर सारून तिने उरलेलं दालन शांतपणे बघायला घेतलं. भिंतीवरची चित्रंसुद्धा. माझ्याच वयाचं एक जर्मन जोडपं खुदखुदत होतं, त्यांच्याकडे तिने शाळेतल्या बाईंसारखं बघितलं. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई आहे ती, ते गप्प झाले.

आणि मग माझी ती बाई काचेच्या पेटीत दिसली. हस्तिदंताची भारतीय मूर्ती, जेमतेम वीतभर, पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास. 1938 मध्ये पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यावरच्या एका घरात मायुरी या उत्खननकर्त्याला ती सापडली. व्हेसुव्हियसने इ. स. 79 मध्ये शहर गाडलं, म्हणजे त्याआधीच ती समुद्र ओलांडून तिथे पोचलेली होती. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. डोक्यातून खाली भोक पाडलंय, म्हणजे कुठल्यातरी आरशाची मूठ असावी किंवा चौरंगाचा पाय. अंगावर वस्त्र नाही, दागिनेच दागिने. म्हणून तिची रवानगी या दालनात.

मी पाटीवरचं वाचून दाखवायला तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "ही तर लमाणीण आहे."

मी बघतच राहिले. मी तिच्याबद्दल जमेल ते वाचलं होतं, आणि हे कुठेच वाचलं नव्हतं. कोपरापर्यंत बांगड्या, जवळजवळ गुडघ्यापर्यंत चढलेले वाळे, पाठीवर सोडलेली लांब वेणी. आई ज्या तांड्यावरच्या शाळेत शिकवायला होती तिथल्या बायका अशाच हात भरून बांगड्या घालायच्या. पूर्वी त्या हस्तिदंती असत, पुढे प्लॅस्टिकच्या आल्या. आईचं म्हणणं पुराव्याच्या कसोटीला टिकणार नाही हे मला माहीत आहे. पण त्या परक्या दालनात ती त्या बाईला ओळखीच्या माणसासारखं बघत होती, आणि मला एकाएकी रडूच आलं. कशाचं, ते अजून नीट सांगता येत नाही.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. सांगितलं, की अशीच हस्तिदंताची बाई आपल्या धाराशिवकडच्या तेरला मिळाली आहे, गोरोबाकाकांच्या तेरला. तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. आणखी एक जालन्याकडे भोकरदनला, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननात निघाली. तिघी इतक्या सारख्या, की ही दख्खनचीच कारागिरी असं बरेच जण मानतात. इथल्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी या वायव्य भारतातल्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे, म्हणून काहींचा कल तिकडे जातो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हा तेरचं नाव तगर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी टिपणात ते येतं, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्यांनी भरूचला जायचं आणि तिथून जहाजात.

"कुठल्या रस्त्यानं जायच्या गाड्या?" आईने विचारलं. वाटेतले डोंगर, पैठणला गोदावरी कशी ओलांडत असतील, बैल कुठे बदलत असतील, यावर ती पेटीसमोर उभी राहून बराच वेळ विचार करत होती. रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. आईने एक फोटो काढायला लावला, तो मागून, वेणीचा.

रविवारी नवरा अमाल्फीला गेला आणि बसमध्ये उभ्याने लटकून, नाक भाजून परत आला. "सुंदर आहे" एवढंच म्हणाला. सोमवारी पॉम्पेई. तिथे आता दिवसाला वीस हजारांचीच मर्यादा घातली आहे आणि तिकिटावर नाव लागतं, तरी भर दुपारी सगळे वीस हजार आमच्याच गल्लीत असल्यासारखं वाटलं. सावली नाही. आईचे गुडघे खरोखरच बोलायला लागले, तेव्हा लवकर निघालो.

रात्री आईने लातूरजवळच्या मुरूडच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला. पिझ्झा, लिफ्टचं नाणं, काकूंची बशी सगळं सांगून झालं, आणि मग वेणीचा फोटो.

"तेरला पण अशीच आहे म्हणे," आई म्हणाली.

"तेरला?" मावशी म्हणाली. "अगं तेर माझ्या दारात आहे! त्यासाठी एवढं विमानाचं तिकीट काढलंस?"

"तू बघितलीस का मग?"

मावशी जरा थांबली. "संग्रहालय व्हय? नाही की. आपण गोरोबाकाकांचं दर्शन घेतो, रस पितो अन् गाडी पकडतो."

"मी पण तेच करत आले."

"ये मग परत आल्यावर. सकाळच्या गाडीनं जाऊ. डबा मी करते, तू फक्त ते संग्रहालय उघडं कधी असतं तेवढं पोरीला बघायला सांग."