कागदाची आयात बघताना कस्टमच्या चॅप्टर ४८ सोबत ४७ पण उघडा

आमचं भोसरीत कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे, त्यामुळे क्राफ्टच्या, म्हणजे बॉक्सच्या तपकिरी कागदाच्या, रिळांशी रोजची गाठ. पुतणीला कॉलेजचा प्रोजेक्ट मिळाला, भारत आणि चीनची कागद-पुठ्ठ्याची आयात, वर्षावार. तिने कस्टमच्या मालाच्या यादीतल्या चॅप्टर ४८ चे आकडे घेऊन दोन रेषा काढल्या आणि विचारलं, काका, चीनने बाहेरची रद्दी बंद केली ना, मग २०१८ नंतर त्यांची आयात वर कशी काय गेली?

प्रश्न एकदम बरोबर होता. ४८ मध्ये तयार कागद येतो, रद्दी आणि पल्प (कागदाचा लगदा) दोन्ही ४७ मध्ये, आणि चीनची सगळी गंमत त्या ४७ मध्येच आहे. चीनमधून माल घेऊन अमेरिकेला गेलेले कंटेनर रिकामे परत यायचे, भाडं स्वस्त, म्हणून त्यात रद्दी भरून आणायचे, झांग यिन बाईंनी याच धंद्यावर नाइन ड्रॅगन्स ही अवाढव्य मिल उभी केली. २०१६ ला चीनने जवळपास २.८५ कोटी टन रद्दी घेतली. मग २०१८ पासून मिक्स पेपर बंद, बाकीच्या रद्दीत घाण फक्त ०.५ टक्के चालेल असा नियम, आणि १ जानेवारी २०२१ पासून दारच बंद. पण बॉक्स तर लागणारच ना त्यांना! मग रद्दी बाहेरच्या देशात शिजवायची आणि तिची रिळं किंवा पल्प करून आत आणायचा. नाइन ड्रॅगन्सने तर २०१८ ला अमेरिकेतल्याच मिल्स विकत घेतल्या. रिळं आली की ४८ ची रेघ वर आणि रद्दी थांबली की ४७ मधली रद्दीची रेघ खाली, माल मुळात तोच.

आपलं वेगळं. आपल्याकडे रद्दी पुरेशी गोळाच होत नाही आणि जी होते ती आधीच चार-पाच वेळा फिरलेली असते. मी तिला गोडाऊनमध्ये नेऊन दोन रिळांचे कोपरे फाडून दाखवले. अमेरिकन ओसीसीचा, म्हणजे तिकडच्या जुन्या बॉक्सचा कागद फाडला की कडेला पाइनचे लांब तंतू केसांसारखे उभे राहतात, आणि देशी रद्दीचा कागद फाडला की कड बोथट तुटते, बोटाला भुसा लागतो. बीएफ, म्हणजे कागद दाबाला किती टिकतो ते, तिथंच कळतं. म्हणून आपल्या मिल्स ती रद्दी मागवतात आणि चीनने सोडलेली आपल्याकडे बरीच वळली, सुरुवातीला स्वस्त पण मिळाली.

मग २०२०-२१ मध्ये आपल्याच मिल्स क्राफ्टची रिळं चीनला पाठवायला लागल्या आणि इथे आम्हाला कागद मिळेना. सकाळचा भाव संध्याकाळी नसायचा, आणि गिऱ्हाईकाचे रेट मात्र वर्षभराचे ठरलेले. त्या वर्षात आमच्या शेजारचं एक युनिट बंद पडलं, अजून वाईट वाटतं.

तयार कागदात आपल्याला आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या, करारातला झिरो ड्युटीचा माल जास्त भिडतो, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने बऱ्याच कागदांच्या आयातीला आधी नोंदणी सक्तीची केलीय. न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, २०१९ च्या बजेटमध्ये १० टक्के ड्युटी लावली, पुढच्या वर्षी ५ केली, तिने तोही मुद्दा घेतलाय.

आता तिच्या तक्त्यात प्रत्येक देशाच्या तीन रेषा आहेत, रद्दी, पल्प आणि तयार कागद. टनात काढल्यात, डॉलरमध्ये नाही, कारण २०२१ ला नुसता भाव वाढला तरी डॉलरची रेघ वर जाते.