सोडियमचं सोंग

रात्री २:४० ला पॅनेलवर ‘सोडियम लीक’ लागलं. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचा माणूस म्हणून पळायचं मीच.

आमचा लूप प्रयोगाचा. अणुइंधन नाही, किरणोत्सार नाही. फक्त ४०० अंशांचं द्रवरूप सोडियम पाइपांतून गोल फिरतंय. फास्ट ब्रीडर म्हणजे वेगवान न्यूट्रॉनवर चालणारी, चालता चालता नवं इंधन बनवणारी अणुभट्टी. तिच्यातली उष्णता वाहून न्यायला पाणी चालत नाही, ते न्यूट्रॉनचा वेगच मारतं. सोडियम ९८ अंशांना वितळतं, ८८३ ला उकळतं, त्यामुळे पाण्याच्या भट्टीसारखा प्रचंड दाब लागत नाही. खोड मात्र जबरी: असं गरम असताना हवा लागली की पेटतं, आणि पाणी तर दाखवायचंही नाही. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या ब्रीडरला ते हजार टनांच्या वर लागतं. आमच्याकडे जेमतेम २ टन, पण घाम फुटायला तेवढं पुरतं.

पाइपवर वीतभर लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टन, त्यामुळे गळती दिसायची सोय नाही. म्हणून पाइपला लगटून एक तार असते, चिनीमातीचे मणी ओवलेली. मण्यांच्या फटीतून सोडियम तारेला शिवलं की सर्किट पूर्ण होतं आणि अलार्म येतो. इतकं साधं.

“ड्रेन करू का? लवकर सांग,” फोनवर साहेब. ड्रेन म्हणजे सगळं सोडियम खालच्या टाकीत आणि तीन आठवड्यांची चाचणी पाण्यात. माझ्या डोक्यात मोंजू. जपानच्या त्या भट्टीत ८ डिसेंबर १९९५ ला तापमापकाची नळी तुटून सुमारे ६४० किलो सोडियम बाहेर आलं होतं. तापमापक, म्हणजे आमच्याच खात्यातली वस्तू!

धुराचे दोन्ही डिटेक्टर गप्प होते, म्हणून साहेबांनी दहा मिनिटं दिली. चामडी कोट, तोंडावर शील्ड चढवून त्या तारेची जोडणी असलेला जंक्शन बॉक्स गाठला. मीटरवर रोध फक्त ४ किलोओहम, म्हणजे सर्किट खरंच कुठेतरी जुळलंय. पोटात गोळा आला. मग तार टर्मिनलमधून सोडवली आणि एकटीच मोजली. आकडा चढत चढत रेंजच्या बाहेर गेला, म्हणजे तारेला काहीच शिवलेलं नाही. तार मधेच तुटलेली नाही ना, तेही पाहिलं. अखंड होती. म्हणजे भानगड टर्मिनलांच्या पट्टीवर. बॅटरी मारली, तर टर्मिनलांवर घामासारखे बारीक थेंब! झाकणाचं गॅस्केट चपटं झालेलं, कॉन्ड्युटमधून, म्हणजे वायरींच्या नळीतून पावसाचं पाणी आत आलेलं.

साहेब स्वतः येऊन वाकून बघून गेले. “पाणी होय रे?” म्हणाले, आणि हसले. जाता जाता मागे वळून, “उरलेले अठरा बॉक्सही आत्ताच उघड.”

साडेपाच वाजले. आणखी दोन ओले निघाले.