सहा जणांचं लाओ जेवण, मोदकपात्रातल्या भातासकट

नवी मुंबईत थाई हॉटेलात लार्ब आणि कच्च्या पपईचं सॅलड मिळतं. या दोन्ही पदार्थांची मुळं लाओसच्या आणि त्याला लागून असलेल्या ईशान्य थायलंडच्या स्वयंपाकघरात आहेत. पण हॉटेलात बहुतेकदा सोबत साधा मोकळा भात येतो आणि तिथेच घोळ होतो. लाओ जेवण चिकट भाताचं. बाकी सगळं त्या भाताला लावून खायचं.

हा भात म्हणजे आपला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर नव्हे. ते शिजल्यावर चिकट होतात एवढंच, पण त्यांचा घट्ट गोळा होत नाही. तांदूळ ग्लुटिनस, म्हणजे मुळातच चिकट जातीचा हवा. आसामचा बोरा तांदूळ चालतो. सहा जणांना ९०० ग्रॅम लागतो. रात्री साडेआठला बसायचं तर दुपारी बारालाच भिजत घाला. भिजवण सहा तासांखाली गेली की दाण्याच्या पोटात पांढरी कणी राहते आणि मग कितीही वाफवा, ती जात नाही.

कुकर नको. हा तांदूळ पाण्यात शिजवला की खळ होते. मोदकपात्रात ओला सुती कपडा घालून निथळलेले तांदूळ पसरायचे, थर चार सेंटिमीटरच्या वर नको. म्हणजे दोन घाणे करावे लागतील. पंधरा मिनिटांनी कपड्यासकट गोळा उलटा करायचा, पुन्हा दहा मिनिटं वाफ. मग परातीत काढून लाकडी उलथन्याने मिनिटभर पसरायचा. कोंडलेली वाफ गेली नाही तर तळचा भात गिच्च होतो. लाओसमध्ये तो बांबूच्या झाकणाच्या टोपलीत ठेवतात, टोपली श्वास घेते. आपला पोळ्यांचा डबा घेत असाल तर खाली-वर रुमाल घाला, नाहीतर झाकणाचं पाणी भातावर ठिबकतं. नीट झालेला भात बोटांना चिकटत नाही, हीच परीक्षा. चॉपस्टिक काढू नका, त्या नूडल्सपुरत्या.

आता लाप, म्हणजेच हॉटेलातला लार्ब, खिम्याचं सॅलड. लाओ भाषेत लाप म्हणजे भाग्यही, आणि त्या अर्थाचा शब्द आपल्या ‘लाभा’कडूनच गेला आहे. त्यामुळे लग्नात, नववर्षात लाप हवाच. पाऊण किलो चिकन खिमा, अर्धी वाटी पाणी, तेल नाही. पाच-सात मिनिटांत रंग पालटला की गॅस बंद. कोमट झाल्यावर चार लिंबांचा रस, तीन मोठे चमचे फिश सॉस, दोन चमचे भरड मिरची, आठ-दहा सांबार कांद्यांच्या चकत्या, वाटीभर पुदिना, कोथिंबीर, पातीचा कांदा. खिमा गरम असताना पुदिना घातला की तो काळा पडतो.

सगळ्यात शेवटी खाओ खुआ. मूठभर कच्चा चिकट तांदूळ कोरडाच, मंद आचेवर पंधरा मिनिटं, गुळाच्या रंगावर भाजा आणि खलबत्त्यात रव्याएवढा जाडसर कुटा. मिक्सरमध्ये पीठ झालं तर लापाचा लगदा होतो. चार मोठे चमचे पुरे. वाढायच्या पाच मिनिटं आधीच घाला, कारण तो रस पिऊन फुगतो. शाकाहारी मंडळींना हाच ऐवज धिंगरी अळंबीत, फिश सॉसऐवजी मीठ आणि थोडा सोया सॉस. (श्रावणात बेत ठरवलात तर सगळ्यांनाच अळंबी.)

पपईसाठी पितळी खलबत्ता वापरू नका, ती चेचली जाते. लाकडी उखळी हवी: आधी लसूण-मिरची कुटायची, मग पपईच्या काड्या नुसत्या ठेचकाळायच्या, चमच्याने खालीवर करत. खरी चव पादेकची: लाओसला समुद्र नाही, म्हणून नदीतले मासे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात महिनोन् महिने आंबवून केलेला दाट खार. इथे फिश सॉसमध्ये भाजून कुटलेला चमचाभर सुका जवळा घातला की जवळपास पोचतं. तंतोतंत नाही.

टोमॅटोचा जेओ म्हणजे ठेचाच. सहा टोमॅटो, पाच मिरच्या, एक लसूणगड्डा थेट जाळावर भाजून कुटा, वर फिश सॉस आणि कोथिंबीर.

उरलेला भात फ्रीजमध्ये दगड होतो, त्याला फोडणी देता येत नाही. त्यापेक्षा जेवण उरकताच तो कोमट असतानाच चपटे गोळे थापून ठेवा. सकाळी तव्यावर खरपूस करा आणि फेटलेलं अंडं लावून पुन्हा परता. लाओसमध्ये यालाच खाओ जी म्हणतात.