क्रोव्हीत गाडी गावाबाहेरच

मुलगी ॲबर्डीनला असते, म्हणून आम्हा चोपडेकरांना क्रोव्ही दिसलं. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मागे उभा डोंगरकडा, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरांची एकच ओळ. बहुतेक घरांनी समुद्राकडे दर्शनी बाजू केलेलीच नाही, अरुंद बाजू केलीय. वारा आणि लाटा अंगावर कमी याव्यात म्हणून. घरापुढे जेमतेम पायवाट, तिथून चारचाकी जाणं अशक्य. सामान एकचाकी हातगाडीतून ढकलत न्यायचं. एका दारापाशी अशीच एक गाडी उलटी टेकवलेली होती. पत्रा गंजलेला, मुठींना निळी दोरी गुंडाळलेली. ‘मग फ्रिज कसा आणत असतील हो?’ हा आमच्या सौंचा पहिला प्रश्न. मला उत्तर सुचलं नाही.

गाव मूळचं मासेमारांचं. १९५३च्या वादळात काही घरं वाहून गेली, लोक पांगले. आता बरीचशी घरं सुट्टीपुरती उघडतात. आपल्याकडे तापीकाठी पुराच्या भीतीनं घरं वर सरकतात. इथे सरकायला जागाच नाही.

किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत शेजारच्या गार्डन्सटाउन गावाला जाता येतं. वरून क्रोव्हीत यायचा उतार मात्र भलताच तीव्र आहे, गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा.