घरची हजेरी

मंगळवार, रात्री

आज शाळा सुटताना माझ्या लहान गटातल्या एका मुलाची आई फाटकापाशी थांबली. एरवी ती गाडी बंदसुद्धा करत नाही. त्याला पुढे उभं करते आणि निघते. आज गाडी स्टँडवर लावली, स्कार्फ सोडला आणि म्हणाली, "बाई, यानं घरी उच्छाद मांडलाय. रोज संध्याकाळी शाळा भरवतो. आम्हाला सगळ्यांना ओळीत बसवतो. सगळी गाणी येतात त्याला."

मी म्हटलं, "सगळी?"

"सगळी. बायबलची वचनंसुद्धा. 'देव प्रीती आहे' स्वतः म्हणतो, मग आजीला म्हणायला लावतो. डोळे मिटल्याशिवाय कुणाला जेवू देत नाही. आमच्या सासूबाई माळकरी, पण नातवापुढे कुणाचं काय चालतंय? तो 'आमेन' म्हणतो, त्या 'पांडुरंग' म्हणतात, मग घास तोंडात."

ती हसत होती. मीही हसले. रिक्षात बसेपर्यंत हसू कुठे गेलं कळलं नाही.

जूनपासून हा मुलगा माझ्यासमोर एक शब्द बोललेला नाही. रडला नाही, हट्ट केला नाही, कुणाला चावला नाही. येतो, चपला भिंतीशी नीट लावतो, खिडकीजवळ सतरंजीच्या कडेला बसतो आणि बघत राहतो. पावसाच्या गाण्याला सगळ्यांचे हात वर, याचे मांडीवर. हजेरीला याचं नाव आलं की शेजारची सांगते, "आहे बाई." पाणी हवं असलं तर बाटली माझ्यापुढे धरतो, झाकण उघडून द्यायला. शूला जायचं असलं तर पदर ओढतो, तोही मावशींचा.

आणि घरी सगळी गाणी येतात.

माझ्यासमोर का नाही? संध्याकाळपासून हे एकच डोक्यात फिरतंय. मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नाही. 'बोल की रे' म्हणून चारचौघांत कधी कोपऱ्यात धरलं नाही. उलट दर गाण्याला एक नजर त्याच्याकडे असते, ओठ हलतात का बघायला. एखाद्या दिवशी नुसते ओठ हलले असते तरी मी ते वहीत लिहून ठेवलं असतं. आणि ते सगळं त्यानं घरच्या सोफ्यापुढे उभं राहून, भाजी निवडणाऱ्या आजीला देऊन टाकलं.

गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी मला मांडी घालून बसायला बंदी केली आहे. पण लहान गटाला खुर्चीवर बसून शिकवता येत नाही. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावंच लागतं. म्हणून रोज खाली बसते आणि उठताना मावशींचा हात धरते. घसा बसला तरी गाणं म्हणावं लागतं, कारण मोबाईलवर लावलेल्या गाण्याला मुलं नाचतात, पण शिकत नाहीत. हे कुणाला सांगायचं? कमिटीच्या बैठकीत विषय एकच असतो, इंग्रजी माध्यम कधी काढायचं. असो, त्यावर आज नको.

घरात एक माणूस असंच आहे, जे पुण्याला मावशीकडे तासन्‌तास बोलतं आणि माझा फोन आला की 'हो', 'नाही', 'जेवले'. तेही आज नको.

मागच्या आठवड्यात आम्ही सृष्टीची गोष्ट घेतली. पहिल्या दिवसासाठी मी आणि मावशींनी वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीला चादर लावली. काळोख झाला तशी मुलं एकमेकांना बिलगली. मी म्हटलं, "देव म्हणाला, प्रकाश होवो," आणि बॅटरी लावली. काय आरडाओरडा झाला! मोठ्या बाई धावत आल्या, काय झालं म्हणून. मग निळ्या घोटीव कागदावर दुसऱ्या दिवसाचं आकाश, तिसऱ्या दिवसाला कुंडीत मेथीचे दाणे पेरले, चौथ्या दिवसाला सूर्य, चंद्र, तारे कापून चिकटवले. तेव्हा मोठ्या गटातल्या एकानं विचारलं, सूर्य चौथ्या दिवशी आला तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला? चर्चचे पाळकसाहेब रविवारी भेटले तेव्हा मी तो प्रश्न जसाच्या तसा त्यांच्या हातात दिला. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढं नेमकं सुचतं, याचा मला केवढा आनंद झाला होता!

त्या दिवशीचा हा मात्र मला आठवतोय. बॅटरी लागली तेव्हा सगळे बॅटरीकडे बघत ओरडत होते आणि हा मान वळवून भिंतीकडे बघत होता, जिथे उजेड पडला होता तिथे. मग उठला, भिंतीजवळ गेला आणि त्या गोल उजेडात तळहात ठेवला. हात काढला, ठेवला, काढला. गोष्ट पुढे सरकली तरी त्याचं तेच चाललं होतं. मी त्याला बसवलं नाही.

त्याची आई आज म्हणाली, परवा यानं घरातले सगळे दिवे घालवले. आजोबांची बातम्यांची वेळ, तरी टीव्हीपण बंद. मग आईच्या मोबाईलची बॅटरी लावून भिंतीवर धरली आणि जोरात म्हणाला, "प्रकाश होवो." आजोबांना हात ठेवायला लावला.

हे लिहिताना रडू येतंय, आणि ते नक्की कसलं ते कळत नाही. मला ते बघायचं होतं. त्याचा आवाज कसा आहे हेसुद्धा मला माहीत नाही. बारीक आहे की घोगरा?

हातानं करायच्या कामात हा कुठेच मागे नाही. वाळूच्या ताटात 'ग' गिरवताना बोट आधी खाली आणतो, थांबतो, मग काना ओढतो, घाई नाही. मणी ओवताना दोन लाल, एक पिवळा हा क्रम त्याचा कधी चुकत नाही. भेंडीचे ठसे उठवताना भेंडी रंगात बुडवून आधी वाटीच्या काठाला टेकवतो, जास्तीचा रंग निथळू देतो. हे मी कुणालाच शिकवलेलं नाही. आणि भगिनी मंडळानं विणून दिलेले लोकरीचे सहा चेंडू, तांबडा, पिवळा, निळा, नारिंगी, हिरवा, जांभळा, त्यांतला जांभळा रोज सुटीत याच्या मांडीवर असतो.

ते चेंडू म्हणजे फ्रोबेलचे. कोर्सला होते तेव्हा आम्हाला फ्रोबेल फार होता. पाळकाचा मुलगा, 1837 साली जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी वर्ग काढला, 1840 मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं, आणि मुलाच्या हातात पहिली वस्तू कुठली द्यायची, तर हे मऊ चेंडू. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता: मूल बाहेरचं आत घेतं आणि आतलं बाहेर मांडतं, हे उदाहरण देऊन स्पष्ट करा. मी पानभर उत्तर लिहिलं होतं. पण आत घेणं एका जागी आणि बाहेर मांडणं दुसऱ्याच जागी, असंही होतं, हे त्या उत्तरात नव्हतं. मी धरून चालले होते की ज्यानं दिलं त्याच्यासमोरच ते बाहेर येणार.

पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला 1886 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. एवढ्या मोठ्या विदुषी, संस्कृतच्या पंडिता, आणि तिथे शिकायला काय बसल्या, तर हीच बालवर्गाची पद्धत. केडगावला त्यांनी निराधार बायकामुलींसाठी काढलेलं मुक्ती मिशन पाहायला आम्हाला नेलं होतं तेव्हापासून त्यांचं हे मला फार जवळचं वाटतं. पुढे त्यांच्याकडे दुष्काळातून, उपासमारीतून पोरी आल्या. त्या पोरी काय आल्या-आल्या गायला लागल्या असतील? आणि आमच्या नगरच्या सिंथिया फरार बाई. 1827 साली अमेरिकेतून अविवाहित मिशनरी म्हणून मुंबईला आल्या, नंतर इथे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, 1862 मध्ये इथेच वारल्या. त्यांची मराठी शिकून घेतलेली, आणि समोर कधी पाटीला हात न लावलेल्या मुली. त्या मुली घरी जाऊन चुलीपुढे आईला काय काय म्हणून दाखवत असतील, ते बाईंच्या कानावर येणार कुठून? तरी त्या दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या.

मला ते दुसऱ्याच्या तोंडून का होईना, कळलं तरी.

आणखी एक गोष्ट आहे. आईनं ती गाडी चालू करता करता सांगितली आणि मी इथपर्यंत ती लिहायची टाळली.

हा घरी हजेरी घेतो. जुनी डायरी मांडीवर, हातात पेन. वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं माझ्या क्रमानं, आडनावांसकट. आणि प्रत्येकाचं उत्तर तो त्या त्या मुलाच्या आवाजात देतो. एक जण नाकात बोलतो, तसं नाकात. एक जण "हजर" ओरडून उभा राहतो, तसं उभं राहून. शेजारचीचं लाडिक "आहेऽ बाई" तर हुबेहूब, आई म्हणाली. मग त्याचं स्वतःचं नाव येतं. तो नाव घेतो आणि गप्प बसतो. शेजारची त्याच्यासाठी बोलते, तेही म्हणत नाही. मान वर करतो, खिडकीच्या बाजूला बघतो, हळूच मान हलवतो, आणि डायरीत खूण करतो. मग पुढचं नाव.

"असं का करतो हो बाई?" आईनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, मागून कुणी तरी हॉर्न वाजवत होतं.

असं मी करते. शेजारची "आहे बाई" म्हणते, पण तिच्या शब्दावर मी खूण करत नाही. मी मान वर करून खिडकीकडे बघते, त्याची नजर मिळेपर्यंत थांबते, मान हलवते आणि मगच हजेरी लावते. मुद्दाम ठरवून केलं नव्हतं, सवय लागली. ते कुणाच्या लक्षात येत असेल असंही कधी वाटलं नाही.

म्हणजे त्याच्या हिशेबात तो रोज उत्तर देतो. आणि मला ते रोज ऐकू येतं.

संध्याकाळपासून जे टोचत होतं ते हे वाक्य लिहिल्यावर बरंच कमी झालं आहे. गेलं म्हणणार नाही. त्याचा आवाज ऐकावासा वाटतो, तो उद्याही वाटेल. पण जो मुलगा आख्खा वर्ग घरी नेतो, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा सांभाळून नेतो, तो माझ्या वर्गात गप्प बसलेला नाही. तो कामात आहे.

आठ वाजता आईचा मेसेज आला होता, "बाई तो शाळा भरवतोय आत्ता, लपून व्हिडिओ काढून पाठवू का?" त्या निळ्या खुणा झाल्या तरी मी उत्तर दिलं नव्हतं, इतकं बघायचं होतं मला. आत्ता लिहिलं, "नको ताई. त्याला कळलं तर शाळा बंद करेल. आजींना माझा नमस्कार सांगा." लगेच उत्तर आलं, "आजी म्हणतात एकदा घरी या." जाईन. पण तो शाळा भरवतो त्या वेळेला नाही.

नाताळच्या कार्यक्रमाची यादी उद्या द्यायची आहे. देवदूतानं "भिऊ नका" म्हणायचं, ते शेजारचीला. मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, मोठ्या गटातले तिघं, मुकुट गेल्या वर्षीचे आहेत, सोनेरी कागद फक्त बदलायचा. मोठ्या बाईंचा आग्रह असतो की प्रत्येक मुलाला निदान एक ओळ हवीच, पालक फोटो काढतात. आज कळल्यापासून माझ्याही मनात येऊन गेलं, की आता येतंच आहे त्याला तर द्यावं की एखादं वचन. नाही दिलं. त्याला मेंढपाळ केलं आहे, हातात काठी आणि कापूस चिकटवलेलं पुठ्ठ्याचं मेंढरू. कापूस तोच चिकटवेल, बाकी कुणाचा एवढा नीट बसत नाही. मोठ्या बाईंनी विचारलं तर सांगेन, ओळ हवी असेल तेव्हा तो मागेल, त्याची जागा मी यादीत मोकळी ठेवली आहे.