झेंड्यांपासून किती हात?

मी पोहायला शिकवते असं कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "वजन उतरतं का हो?" त्याचं उत्तर द्यायचं मी सोडून दिलं आहे. दुसरा प्रश्न मात्र मला आवडतो. परवा टँकवरच्या बाकावर एका सात वर्षांच्या मुलीच्या आजोबांनी तो विचारला, तेव्हा त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "मॅडम, ही उताणी पोहते. डोळे सगळे आभाळाकडे. मग भिंत आली हे तिला कळतं कसं? डोकं नाही आपटत?"

आपटतं की आजोबा. एकदा तरी प्रत्येकाचं आपटतंच. पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण त्या दिवशी शिट्टी वाजवता वाजवता दिलेलं उत्तर माझं मलाच अर्धवट वाटलं.

लोकांना हा धाडसाचा मामला वाटतो. कुणी म्हणतं, अंदाज असणार. एका काकूंना तर वाटत होतं की आम्हाला वटवाघळासारखं काहीतरी जाणवतं. तसं काही नाही. आम्ही मोजतो. तलावाच्या दोन्ही टोकांना, भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर, पाण्याच्या वर आडवी दोरी ताणलेली असते आणि तिला तिकोनी झेंडे असतात. उताणं पोहताना ते डोक्यामागून येतात आणि पायांकडे निघून जातात. झेंडे दिसले की मारलेल्या हातांची मोजणी सुरू. एक हात, दोन हात, तीन हात. आकडा प्रत्येकाचा वेगळा. तुमच्या नातीचा सध्या नऊ आहे, आणि तिला तो दहा वाटतो, म्हणून ती भिंतीला भिडते.

खरं तर आकडेही दोन लागतात. शर्यत संपवताना पाठीवर असतानाच भिंतीला हात लागला पाहिजे, तिथे पूर्ण आकडा. मधल्या वळणावर मात्र शेवटच्या हाताला पोटावर पालथं होऊन कोलांटी मारायची असते, म्हणजे एक हात कमी. पालथं झाल्यावर "अरे, भिंत लांबच राहिली" म्हणून आणखी एक हात मारलात की बाद. पाठीवर माझा शेवटाचा आकडा चार, हे मी दहावीत असतानाचं सांगते आहे. आत्ताचं पुढे सांगेन.

माझ्या वडिलांना त्यांच्या काकांनी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. माझ्या वाट्याला टँक आला, लुनावर मागे बसून पहाटेची थंडी खात जायचा. मी बॅकला, म्हणजे उताणं पोहण्याला, कशी लागले याची कथा काही थोर नाही. फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना माझ्या नाकातोंडात पाणी जायचं. सर वैतागून म्हणाले, "उलटी हो. निदान तोंड तरी वर राहील." कितीतरी बॅकवाल्यांची सुरुवात अशीच झालेली असते, ते फक्त सांगत नाहीत.

आमच्या टँकला झेंडे नव्हते. सरांनी गणपती मंडळाच्या उरलेल्या पताका मागून आणल्या आणि शिंप्याकडच्या टेपने चार वेळा पाच मीटर मोजून त्या बांधल्या. कागदी पताका. जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि त्यांचा गुलाबी रंग आमच्या तोंडावर गळला. घरी आई म्हणाली, "रंगपंचमी होती का?" वर छत नसलं की आणखी एक पंचाईत होते. बंदिस्त तलावात छताच्या तुळईकडे बघत सरळ जाता येतं. उघड्यावर ढगाकडे बघाल तर ढग चालतो आणि तुम्ही लेनच्या दोरीवर जाऊन घासता. सर म्हणायचे, घारीकडे बघून पोहलीस तर घारीसारखी गोल फिरशील. मी फिरायचेसुद्धा.

चुकीचे झेंडे हे झेंडे नसण्यापेक्षा वाईट, हे मला परगावच्या एका स्पर्धेत कळलं. आयोजकांनी दोरी जिथे खांब सोयीचे होते तिथे बांधली होती, चार मीटरच्या आसपास. मी इमानदारीत चार मोजले. तिसऱ्यालाच भिंत आली आणि करंगळी मोडली. ती अजून थोडी वाकडी आहे, पावसाळ्यात ठणकते. तेव्हापासून परक्या तलावावर गेले की आधी टेप काढते. लोक हसतात. हसू देत.

आता त्या मुलीबद्दल सांगते जिच्यामुळे मी या मोजणीच्या नादाला कायमची लागले. सप्टेंबर १९८८, सोल ऑलिम्पिक. मी नववीत, चौदा वर्षांची. पेपरात वाचलं की २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण हंगेरीच्या क्रिस्टिना एगरसेगीने जिंकलं, वय १४. वजन ४५ किलो. तिच्या मागे दुसरी आणि तिसरी आलेल्या दोघी पूर्व जर्मनीच्या, तिच्याहून कितीतरी धिप्पाड. तिची वेळ होती २ मिनिटं ९.२९ सेकंद. मी कात्री घेतली आणि तो चौकोन कापून कंपासपेटीत ठेवला. तिला घरच्या भाषेत "एगेर्के" म्हणायचे, म्हणजे उंदरी. आडनावाचा आणि हंगेरियनमधल्या उंदराचा उच्चार जवळचा म्हणून. ऑलिम्पिक विजेतीला उंदरी! आमच्याकडे मला "म्हैस" म्हणायचे, त्यामुळे मला ते लाडाचंच वाटलं.

त्याच सोलमध्ये पुरुषांच्या १०० मीटरला वेगळीच मोजणी चालली होती. अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ उडी झाल्यावर पाण्याखालीच राहायचा, पाठीवर, डॉल्फिनसारखे पाय मारत, तीस-एक मीटर. प्राथमिक फेरीत त्याने ५४.५१ चा विश्वविक्रम केला. जपानचा दाइची सुझुकीही तेच करायचा. एरवी तो पाण्याखाली २१ किक मारायचा. अंतिम फेरीत त्याने २७ मारल्या. जिंकला, ५५.०५ सेकंद विरुद्ध बर्कॉफचे ५५.१८. पाण्याखाली त्या सहा जादा किका मोजताना त्याच्या छातीत काय होत असेल याचा विचार करून मी अजूनही श्वास धरते. पुढे नियमाने पाण्याखालचं अंतर बांधून टाकलं. आज ते १५ मीटर आहे.

आणि मग आमचाही आकडा बदलला. आधी वळणावरही पाठीवर राहून हाताने भिंतीला शिवावं लागायचं. १९९१ मध्ये नियम बदलला: पालथं व्हा, कोलांटी मारा, पाय लागले तरी चालतील. प्रेक्षकांना यात फारसं काही दिसत नाही. पण जगातल्या प्रत्येक बॅकवाल्याच्या अंगात भिनलेला आकडा एका रात्रीत चुकीचा ठरला. मी तेव्हा बारावीत पोचलेली, सराव जवळजवळ सुटलेला, तरी टँकवर जाऊन एकदा करून बघितलं. सवयीने हात भिंतीकडे गेला आणि गुडघा नाकावर आदळला.

एगरसेगीने त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, अथेन्सला २०० मीटर २ मिनिटं ६.६२ सेकंदांत पार केलं. हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. तो मोडणारी झिम्बाब्वेची कर्स्टी कोव्हेंट्री. आता आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची अध्यक्ष आहे ती. मधल्या काळात एगरसेगीने १९९२ च्या बार्सिलोनात १०० आणि २०० बॅक तर जिंकलीच, वर ४०० मीटर मेडलेही, म्हणजे पोहण्याचे चारही प्रकार एकाच शर्यतीत. लोक तिची पदकं मोजतात: वैयक्तिक सुवर्णं पाच. मला त्यापेक्षा १९९६ ची अटलांटातली एकच गोष्ट सांगाविशी वाटते. २०० बॅक, तिचं सलग तिसरं सुवर्ण. दुसरी आलेली अमेरिकेची व्हिटनी हेजपेथ ४.१५ सेकंदांनी मागे होती. सेकंदांत हे कुणाला समजत नाही, म्हणून मी एकदा कागदावर मांडलं. त्या वेगाने ४.१५ सेकंद म्हणजे सहा मीटरहून जास्त. झेंडे पाचावर. म्हणजे एगरसेगीचा हात भिंतीला लागला तेव्हा दुसरी अजून झेंड्यांखालीही पोचली नव्हती! तिची मोजणीच सुरू व्हायची होती.

मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मग पुढं काय केलं त्या मुलीनं?" थांबली. बावीसाव्या वर्षी. आजोबांना ते पटलं नाही. "बावीस म्हणजे काय वय आहे?" खरं आहे, पण चौदाव्या वर्षी सुवर्ण जिंकलेल्याला बावीस म्हणजे त्यावर आणखी आठ वर्षांच्या पहाटा असतात. आणि आपल्याकडे? माझ्या बॅचच्या अकरा मुलींपैकी नऊ जणी दहावीच्या क्लासला गेल्या त्या टँकवर परत आल्याच नाहीत. मी राज्य स्पर्धेपर्यंत पोचले, तिथे दोनदा तिसरी आले आणि बारावीला सोडलं. चॅम्पियन मी नव्हते. तिसरी येणाऱ्याला पहिलीची पाठ दिसते म्हणतात. बॅकमध्ये तीही दिसत नाही, फक्त कडेने तिच्या पायांचं पाणी उडताना दिसतं.

हल्लीच्या मुलांना एगरसेगी ठाऊक नाही. त्यांचा हीरो बेंगळुरूचा श्रीहरी नटराज. २०२१ मध्ये रोममध्ये त्याने १०० मीटर बॅक ५३.७७ सेकंदांत मारली आणि टोकियो ऑलिम्पिकसाठी थेट पात्र ठरला. म्हणजे सुझुकीच्या सोलच्या सुवर्णापेक्षा सेकंदाहून जास्त वेगात, आणि तरीही टोकियोत उपांत्य फेरी नाही. जग इतकं पुढे गेलं आहे. हे ऐकून मुलं हिरमुसतात. मी मुद्दाम सांगते. त्यांनी हिरमुसायलाही पाहिजे थोडं.

आणि माझा आत्ताचा आकडा? पन्नाशी उलटली, खांदा पूर्वीसारखा मागे जात नाही. चाराचे पाच झाले, मग करोनाच्या बंदीनंतर एकदम सात. पहिल्या दिवशी जुन्या सवयीने चार मोजून हात लांब केला आणि हाताला नुसतं पाणी लागलं, बराच वेळ. सध्या सहा आहे. मार्चपर्यंत पाच करायचा विचार आहे, बघू.

आजोबा, तुमच्या नातीचे नऊचे आठ होतील दिवाळीपर्यंत. तिचे हात लांब होतायत, फ्रॉक बघा. तेव्हा पुन्हा एकदा टाळकं आपटेल, घाबरू नका. आणि तुम्हाला खरंच बघायचं असेल तर उद्या सहाच्या बॅचला या, पाण्यात उतरून मोजून दाखवते. टोपी आणा मात्र. टोपीशिवाय आत सोडत नाहीत, मलासुद्धा.