धर्मपुरीचा विसावा

माझं माहेर सासवडचं. द्वादशीला आमच्या अंगणात दिंडीची पंगत बसायची. तेव्हापासून वारीला जायचं मनात होतं. पुढे सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा. कारणं खरीच होती, पण ती संपल्यावरही माझा पाय निघेना. माझ्यावाचून घर अडेल असं वाटायचं. यंदा दिंडीत नाव घातलं.

दिवे घाट एकादशीच्या उपाशीपोटी कधी चढले, कळलंही नाही. जेजुरी, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं झालं. मी मात्र रोज रात्री फोनवर सिलिंडर आला का, दूधवाल्याचे पैसे दिले का, हेच विचारत होते. राहुटीत झोप नाही. पहाटे टँकरपाशी एकीने माझी बादली सारून आपली लावली; ओठांवर हरिनाम, पोटात नुसता संताप.

बरडच्या पुढे दोन्ही टाचांना फोड आले. धर्मपुरीला, सोलापूर जिल्ह्यात शिरल्या शिरल्या, विसाव्याला बसले ती उठवेचना. मोजा कातडीला चिकटलेला. मन म्हणत होतं, इतकं चाललीस, पुरे झालं, फलटणला जाऊन एसटी धर.

परभणीकडची एक आजी समोर येऊन बसली. "पाय दे की गं माय."

मी पाय आखडून घेतले. आईच्या वयाची बाई, तिच्या मांडीवर धुळीने माखलेला पाय कसा ठेवायचा?

"इथं कोन मोठं, कोन ल्हान? दे."

तिने बटव्यातून सुई काढली, काडी ओढून जाळावर धरली, तेलात भिजवलेला दोरा ओवला. फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसरीकडून काढली आणि दोरा आतच ठेवून टोकं तोडली. पाणी त्या दोऱ्यावरून झिरपू लागलं. तिचं पुटपुटत नामस्मरण चाललेलंच होतं. झाल्यावर माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला नेला. "माउली."

मला रडू आवरेना. घरातल्या सगळ्यांचे पाय चेपले मी. माझ्या पायाला कुणी हात लावला की "नको, नको" म्हणत उठून बसायची.

नातेपुत्याला त्या रात्री फोन केला नाही. माळशिरसला दिंडीतल्या पोरीने तेलाची बाटली आणली, तेव्हा पाय आपणहून पुढे केले आणि हरिपाठ पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने म्हटला.

पंढरीत चंद्रभागेत न्हाले, कळसाला हात जोडले. पुढल्या ज्येष्ठात धाकट्या जावेला नेणार आहे. ती आत्तापासूनच विचारतेय, "ताई, घर कोण बघेल?"